कानाचं मशीन घेण्याआधी: ऑडिओग्राम, ऐकू कमी येण्याचे प्रकार आणि यंत्राची निवड

कानसेन

श्रवणयंत्रांबद्दलचे प्रश्न इथे दहा धाग्यांत विखुरलेत आणि बहुतेक सगळे "कुठल्या कंपनीचं घेऊ?" इथून सुरू होतात. कंपनी ठरवणं हे सगळ्यात शेवटचं काम. ऐकू नेमकं कुठे अडतंय हे आधी कळलं पाहिजे, म्हणून एका ठिकाणी लिहितो. भर घाला, चुकलं तर दुरुस्त करा.

बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडथळा असेल तर तो वहनदोष. घट्ट बसलेला मळ, पडद्याला भोक, पडद्यामागे साचलेलं पाणी, तीन हाडांची साखळी अडकलेली किंवा तुटलेली, ही नेहमीची कारणं. यात आवाज फक्त हळू होतो, गढूळ होत नाही. पुरेसं मोठ्याने बोललं की शब्द स्वच्छ कळतात. निव्वळ वहनदोष साधारण ६० डेसिबलच्या पुढे जात नाही, आणि यातले बरेच दोष औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतात. त्यामुळे आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मशीन मागाहून.

आतल्या कानातला दोष वेगळा. डॉक्टर घाईत "नस कमजोर झालीय" म्हणतात, पण बहुतेक वेळा बिघाड कॉक्लियातल्या (आतल्या कानाचा शंखासारखा भाग) केसपेशींचा असतो. वय, गोंगाट, आनुवंशिकता, गोवर-गालगुंड किंवा मेंदूज्वर, आणि जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, सिस्प्लॅटिन अशी औषधं ही कारणं. या पेशी पुन्हा उगवत नाहीत. इथे आवाज हळू तर होतोच, शिवाय शब्दांच्या कडा झिजतात. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ, ट, क ही उंच पट्टीची व्यंजनं निसटतात. "ताक", "ताट" आणि "तास" एकसारखे वाटू लागतात. "आवाज येतो पण कळत नाही" ही तक्रार ऐकली की दोष बहुधा इथला. दोन्ही दोष एकाच कानात असले तर मिश्र.

ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख. त्यावर डावीकडून उजवीकडे २५० ते ८००० हर्ट्झ, म्हणजे खालच्या पट्टीपासून उंच पट्टीपर्यंतचे आवाज असतात आणि वरून खाली डेसिबल. रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा, दोन्ही हेडफोनवरचे. कोनासारख्या खुणा कानामागच्या हाडावर कंपक ठेवून घेतलेल्या. हेडफोनची रेघ खाली आणि हाडाची वर, मध्ये १० डेसिबलपेक्षा जास्त अंतर, तर वहनदोष. दोन्ही बरोबरीने खाली गेल्या तर आतल्या कानाचा. दोन्ही खाली आणि तरीही अंतर, तर मिश्र.

सह्यकडा

वडिलांचे (वय ७१) हे आकडे आहेत, दोन्ही कान जवळपास सारखे. २५० वर २५, ५०० वर ३०, १००० वर ४०, २००० वर ६०, ४००० वर ७५, ८००० वर ८०. हाडाची रेघ हेडफोनच्या रेघेला चिकटून आहे. शब्द ओळखण्याची चाचणी ७६ टक्के. कागदावर "मध्यम" लिहिलंय. दुकानात कानाच्या आत बसणारं छोटं मशीन सुचवलं, बाहेरून दिसत नाही म्हणून. घ्यावं का?

कानसेन

आधी तो "मध्यम" शब्द तपासू. ५००, १००० आणि २००० यांची सरासरी ४३ येते. तीच जुनी पद्धत वापरलेली दिसते. जागतिक आरोग्य संघटना ४००० सुद्धा धरते. ३०, ४०, ६०, ७५ यांची सरासरी ५१ येते आणि तिच्या वर्गवारीत ५० ते ६५ हा "मध्यम-तीव्र" गट आहे. म्हणजे उताराची रेघ असेल तर तीन आकड्यांची सरासरी दोष सौम्य दाखवते. नेमकी व्यंजनं जिथे असतात तो भागच हिशेबातून सुटतो. सरासरीपेक्षा रेघेचा आकार बघायची सवय ठेवा.

हा वयोमानाचा नेहमीचा उतार आहे. खालच्या पट्टीत ऐकणं चांगलं आहे, म्हणजे कान पूर्ण बुजवायचा नाही. बुजवला की स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो, आणि नवीन मशीन डबीत जाऊन पडण्याचं हे एक मोठं कारण. कानाच्या आत खोल बसणारी मशीनं नेमकं हेच करतात, कारण एवढ्याशा जागेत हवेसाठी मोठं छिद्र ठेवता येत नाही. शिवाय १० नंबरचा सेल चिमटीत धरायला ७१ व्या वर्षी बोटं स्थिर हवीत.

वडिलांसाठी कानामागे छोटं मशीन, त्यातून बारीक वायर आणि कानात स्पीकर, हा प्रकार बरोबर. त्याला आरआयसी म्हणतात. स्पीकर मध्यम ताकदीचा. ५०० वर ३० म्हणजे उघडा रबरी डोम (स्पीकरच्या टोकावरची टोपी) चालला असता, पण ४००० वर ७५ आहे, तिथे लागणारा जोर दिला की उघड्या डोममधून आवाज बाहेर गळून शिट्टी येते. म्हणून छिद्रं असलेला बंद डोम, किंवा त्याहून चांगला, कानाच्या मापाचा साचा आणि त्यात दीड-दोन मिलिमीटरचं छिद्र. दोन्ही कानांना घ्या. एका कानाने आवाजाची दिशा कळत नाही आणि चार माणसांत बोलणं वेगळं काढता येत नाही.

ओसरी

वरच्या प्रतिसादाला जोडून: ७६ टक्के हा आकडा विसरू नका. वडिलांना चाचणीत आवाज पुरेसा मोठा करून शब्द ऐकवले होते, तरी चारातला एक चुकला. याचा अर्थ सर्वोत्तम मशीन लावूनही शांत खोलीत तेवढं राहणार आणि लग्नाच्या हॉलमध्ये त्याहून कमी. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "एवढे पैसे घातले तरी ऐकू येत नाही" सुरू होतं.

हा आकडा ५० च्या खाली असेल आणि मशीन नीट बसवूनही वाक्यं कळत नसतील, तर जास्त ताकदीच्या मशीनच्या मागे लागू नये. तिथे कॉक्लियर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) सल्ला घ्यायची वेळ आलेली असते.

खटपट्या

दुकानात विचारायचा एकच प्रश्न: "रिअल इअर मेजरमेंट करता का?" बाकी सोळा चॅनल, चोवीस चॅनल (आवाजाच्या पट्टीचे वेगवेगळे उचलता येणारे भाग), एआय, सगळं त्याच्यानंतर.

कारण असं. मशीन संगणकाला जोडलं की सॉफ्टवेअर ऑडिओग्राम बघून आपोआप आवाज बसवतं. हा अंदाज सरासरी कानासाठी असतो. प्रत्यक्ष कानाची नळी लांब-आखूड, रुंद-अरुंद असते, साचा सैल-घट्ट असतो, त्यामुळे पडद्यापाशी पोचणारा आवाज दहा डेसिबलनेसुद्धा चुकू शकतो, आणि बहुधा उंच पट्टीतच कमी पडतो. रिअल इअर चाचणीत मऊ बारीक नळी पडद्याजवळ, मोठ्या माणसात पाच-सहा मिलिमीटर अलीकडपर्यंत सरकवतात, बाहेर मशीन घालतात, स्पीकरवर बोलण्याचा आवाज लावतात आणि कानात खरोखर किती पोचतोय ते मोजतात. मग एनएएल-एनएल२ सूत्राने काढलेल्या लक्ष्यरेषेवर ते आणून बसवतात. मुलांसाठी डीएसएल सूत्र वापरतात. दोन्ही कानांचं मिळून अर्ध्या-पाऊण तासाचं काम.

माझ्या मते हे करणाऱ्याकडचं साधं चार-सहा चॅनलचं मशीन न करणाऱ्याकडच्या सर्वांत महागड्या मशीनपेक्षा उपयोगी.

जाईजुई

खटपट्या, चॅनलबद्दल थोडं असहमत. अगदी कमी चॅनल असतील तर सह्यकडांच्या वडिलांसारख्या तीव्र उतारात १००० आणि २००० च्या मधली उडी नीट साधत नाही. त्याशिवाय दोन मायक्रोफोनचं दिशादर्शन आणि शिट्टी दाबण्याची सोय हव्यातच. त्याच्या वर पैसे द्यायचे की नाही हे माणूस कुठे वावरतो त्यावर. दिवसभर घरात, दोघा-तिघांत असणाऱ्याला वरच्या दर्जाच्या मशीनचा फारसा फायदा नाही. बैठका, वर्ग, बँकेची खिडकी असं काम असणाऱ्याला आहे.

खटपट्या

मान्य. उतार तीव्र असेल तर चॅनल लागतात.

विहीर

दोन प्रश्न. (१) बहिणीचा कान लहानपणापासून वाहतो, पडद्याला भोक आहे. तिला असं कानामागचं मशीन चालेल? (२) नवऱ्याच्या डाव्या कानाचा ऑडिओग्राम: हेडफोनवर सगळीकडे ५५ ते ६०, हाडावर ५ ते १०. उजवा कान उत्तम. म्हणजे वहनदोषच ना? पण पडदा ठीक आहे म्हणतात, आणि मधल्या कानाच्या दाबाचा आलेख "ए" प्रकारचा, म्हणजे नॉर्मल आला.

कानसेन

दुसऱ्यापासून सुरू करतो, तो जास्त महत्त्वाचा. हा कागद मला संशयास्पद वाटतो.

हेडफोनचा आवाज साधारण ४० डेसिबलच्या वर गेला की कवटीतून पलीकडच्या कानाला ऐकू जाऊ लागतो. बरीच माणसं ५० ते ६० च्या दरम्यान ओलांडतात. हाडावरच्या कंपकाला तर पलीकडे जायला काहीच अडथळा नसतो. म्हणजे डावा कान पूर्ण बंद असला आणि उजवा उत्तम असला, तर तपासताना उजवा कानच उत्तर देतो. कागदावर दिसतं काय? हेडफोन ५५-६०, हाड ५-१०. हुबेहूब वहनदोष!

हे टाळण्यासाठी चांगल्या कानात फुसफुशीचा आवाज सोडून तो गुंतवून ठेवतात. याला मास्किंग म्हणतात. मास्किंग केलं असेल तर खुणा बदलतात: डाव्या कानाला फुलीऐवजी चौकोन, उजव्याला गोलाऐवजी त्रिकोण, हाडाला चौकोनी कंस. तुमच्या कागदावर साध्या फुल्या आणि साधे कोन असतील तर चाचणी अर्धी झालीय. ५१२ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने डॉक्टर दोन मिनिटांत अंदाज देतील. फोर्क कपाळावर ठेवल्यावर आवाज डावीकडे गेला तर वहनदोष, उजवीकडे गेला तर डाव्याचा आतला कान गेलेला.

तसं निघालं तर कारण शोधायचं. एकाच कानाचा आतला दोष म्हटला की श्रवणनसेवरची गाठ नाही ना, हे बघायला एमआरआय सांगतात. आणि मशीन? बंद कानात कितीही जोर लावून उपयोग नाही. तिथे क्रॉस पद्धत असते: बंद कानावरचा मायक्रोफोन आवाज पकडून बिनतारी चांगल्या कानावरच्या यंत्राला देतो.

ओसरी

विहीर, बहिणीबद्दल. वाहत्या कानात साचा बसवला की हवा कोंडते, ओल वाढते, कान आणखी वाहतो, आणि स्पीकर स्रावाने बंद पडतो तो वेगळाच. आरआयसी तर अजिबात नको, स्पीकर सरळ त्या ओलीत बसतो. क्रम असा: कान कोरडा करणं, मग पडदा बसवण्याची शस्त्रक्रिया करता येते का ते पाहणं, आणि तेही शक्य नसेल तर हाडावरून आवाज देणारं यंत्र. हे पट्ट्याने कानामागे दाबून बसवता येतं, किंवा हाडात छोटा स्क्रू बसवून त्यावर. हाडाची रेघ चांगली असेल तर यातून आवाज फार स्वच्छ येतो. ज्या बाळांना कानाची नळीच तयार झालेली नसते त्यांना हेच मऊ पट्ट्यावर देतात.

आणि कृपा करून त्या कानात तेल घालू नका. अभ्यंगाला सुद्धा नाही. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं, आणि पावसाळ्यात बुरशीला ते आवडतं. पडदा शाबूत असला तरी मशीन वापरणाऱ्याच्या कानात तेल म्हणजे स्पीकरची जाळी बंद.

सह्यकडा

वडील म्हणतात, "हळू बोललास तर ऐकू येत नाही, आणि जरा मोठ्याने बोललास तर ओरडतोस कशाला." मशीनने हे वाढणार नाही का?

कानसेन

आतल्या कानाच्या दोषाचं हे खास लक्षण. ऐकू येण्याची पातळी ५० वर गेली, पण सहन होण्याची पातळी ९५-१०० वरच राहिली. मधली जागा निम्मी झाली. म्हणून आजची मशीनं हळू आवाजाला जास्त उचलतात, मोठ्याला कमी, आणि एका कमाल मर्यादेवर थांबतात. ती मर्यादा बसवण्यासाठी सहनशक्तीची पातळी मोजलेली हवी. बऱ्याच कागदांवर ती नसतेच, मागून घ्या. बसवल्यावर डॉक्टरांसमोर स्टीलची वाटी चमच्याने वाजवून बघा. वडील दचकले तरी चालेल, कान झाकायला नको.

ऑनलाइन मिळणारे "कानाचे अँप्लिफायर" याचसाठी वाईट. सगळ्या पट्ट्या सारख्या उचलतात, वरची मर्यादा नीट बांधलेली नसते. खालच्या पट्टीचा पंख्याचा-गाडीचा आवाज वाढतो आणि व्यंजनं त्यात बुडतात.

सुरुवातीला लक्ष्याच्या ८०-९० टक्केच आवाज ठेवून काही आठवड्यांत वाढवत नेतात. पहिले दिवस भांडी, वर्तमानपत्राची सळसळ, स्वतःची पावलं असह्य वाटतात. म्हणून मशीन काढून ठेवायचं नाही, रोज वापरायचं. "फक्त पाहुणे आले की" वापरणाऱ्याला ते कधीच जमत नाही.

खटपट्या

सेल की चार्जिंग, हा पुढचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच.

सेलचे रंग जगभर एकच: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. ३१२ साधारण आठवडाभर, १३ त्याहून थोडा जास्त, ६७५ जास्त ताकदीच्या मशीनला. हे हवेवर चालतात. स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं उघडा ठेवून मग घाला, पूर्ण जोर येतो. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही.

चार्जिंगचं मशीन बोटं थरथरणाऱ्यांना सोयीचं, पण आतली लिथियम बॅटरी चार-पाच वर्षांत थकते आणि बहुतेक मॉडेलांत ती कंपनीकडूनच बदलावी लागते. तिचा खर्च आधीच विचारा. जिथे वीज बेभरवशाची तिथे मी सेलवाल्याच्या बाजूने.

मशीन बंद पडलं तर दुरुस्तीला पाठवण्याआधी: सेल बदला. सेलच्या कप्प्यातले पत्रे हिरवट झालेत का बघा, कोरड्या ब्रशने पुसा. आरआयसी असेल तर स्पीकरच्या टोकाची पांढरी जाळी बदला, "मेलेली" मशीनं पुष्कळदा इथेच जिवंत होतात. साच्याचं कानामागचं मशीन असेल तर साच्याची नळी हुकापासून (मशीनचं कानावर अडकणारं वाकडं टोक) काढा. हुकातून आवाज येत असेल तर दोष साच्यात: मळ किंवा नळीत पाण्याचा थेंब. साचा कोमट साबणपाण्याने धुवा, मशीन नाही. नळीतलं पाणी हवा सोडणाऱ्या रबरी फुग्याने फुंकून काढा, रात्रभर वाळू द्या.

शिट्टी मारत असेल तर मशीन हातात धरून साच्याचं छिद्र बोटाने बंद करा. थांबली तर साचा कानात सैल आहे किंवा कानात मळ आहे. वजन उतरलं की साचा सैल होतो. थांबली नाही तर नळी काढून हुक बंद करा. आता थांबली तर नळीला चीर, तरीही नाही तर हुक किंवा आतला दोष. नळी पिवळी आणि ताठ झाली की बदलायची, साधारण चार-सहा महिन्यांनी.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत. सेल बाहेर काढून, कारण जेल सेललाही सुकवतं. रंग बदलणारे दाणे घ्या, बदलले की तापवून पुन्हा वापरता येतात. हेअर ड्रायर नको.

जाईजुई

पैशांबद्दल. किमती एका कानाला काही हजारांपासून जोडीला काही लाखांपर्यंत आहेत. श्रवणयंत्रांवर जीएसटी शून्य आहे, बिल तपासा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत किमान ६० डेसिबल दोष लागतो, त्यामुळे सह्यकडा, वडिलांच्या आकड्यांवर प्रमाणपत्र मिळणार नाही. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या आदिप योजनेला ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. उत्पन्न कमी असलेल्या ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तीत श्रवणयंत्र येतं. महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री ६५ च्या पुढच्यांना ३००० रुपये देते, पण तेवढ्या पैशांत असलं मशीन येत नाही, साचा आणि सेल सुटतील.

तपासणीसाठी मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही ऑडिओमेट्री होते. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का, हे विचारायला संकोच नको. आणि शिबिरातल्या हॉलमध्ये, पंख्याखाली घेतलेल्या ऑडिओग्रामवर मशीन घेऊ नका. गोंगाटामुळे २५० आणि ५०० चे आकडे खोटे वाढतात, मग खालची पट्टी नको तितकी उचलली जाते.

रानवाट

गेल्या आठवड्यात सासऱ्यांना एका सकाळी उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं, गुंई आवाज आहे. मळ असेल म्हणून थेंब घालतोय. मशीनसाठी कुठे जाऊ?

कानसेन

मशीन बाजूला ठेवा, उद्या सकाळी कान-नाक-घसा तज्ज्ञ. आज शक्य असेल तर आजच. तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन वारंवारतांवर ३० डेसिबल घट म्हणजे अचानक आलेला आतल्या कानाचा बहिरेपणा, आणि त्याला स्टिरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत दिलं तरच फायद्याची शक्यता चांगली. तुमचा एक आठवडा गेलाय. थेंब थांबवा, कानात काही घालू नका. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, स्टिरॉइडने साखर वाढते. अशा वेळी गोळ्यांऐवजी पडद्यातून इंजेक्शन देण्याचाही पर्याय असतो. ऑडिओग्राम त्याच दिवशी काढून घ्या, पुढच्या तुलनेला तो लागतो.

रानवाट

आजच संध्याकाळची वेळ मिळाली. निघतोय.

ओसरी

घरात लहान मूल मशीन वापरत असेल त्यांच्यासाठी एक. रोज सकाळी मशीन लावल्यावर मुलाच्या मागे मीटरभर उभं राहून, ओठ न दाखवता, नेहमीच्या आवाजात सहा ध्वनी म्हणा: म, ऊ, आ, ई, श, स. प्रत्येकाला मूल ठोकळा डब्यात टाकेल असं शिकवा. क्रम आणि मधली थांबायची वेळ रोज बदला, नाहीतर ते अंदाजाने टाकतं. "म" आणि "ऊ" गेले तर खालची पट्टी पोचत नाही, "स" गेला तर जाळी, नळी किंवा उतरलेला सेल तपासा. सहाही गेले तर मशीन बंद आहे. सेलच्या कप्प्याला कुलपाचं दार असलेलंच मॉडेल घ्या. मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय असला तरी घरगुती उपाय न करता थेट इस्पितळ, आणि नाकात-कानात घातला असेल तरीही तेच, पाणी वा थेंब न टाकता.